कुजबुजताईंची सोळा मिनिटं

पडदा वर जातो. रंगमंचावर तीन टेबलं, चार खुर्च्या आणि भिंतीवर एक पांढरा फळा. फळ्यावर निळ्या शाईत एकच आकडा, बावीस. डावीकडच्या टेबलामागे एक धिप्पाड गृहस्थ, कानांत इयरफोन, आणि कीबोर्डवर बोटं अशी पडताहेत की पत्र्यावर गारा पडाव्यात. उजवीकडे, खिडकीतून येणाऱ्या उन्हाच्या पट्ट्यात, बारीक चणीच्या एक बाई पेन्सिलीला टोक करताहेत. सकाळचे साडेदहा. मागच्या दारातून सरांचा प्रवेश. चेहरा असा की नायकाचा बाप आजारी असल्याची तार घेऊन आलेत.

सरांनी फळ्यावरचा आकडा पुसला आणि तेवीस लिहिला.

"आज अजून एक आजी परत गेल्या," ते म्हणाले. "हॉस्पिटलातून मोठ्या सिस्टरांचा फोन होता. ताई, फोन कानापासून वीतभर लांब धरला तरी ऐकू येत होतं."

खिडकीपाशी बसलेल्या बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. या आपल्या कुजबुजताई. वय सत्तेचाळीस, धंदा वेबसाईट बांधण्याचा. हे नाव त्यांना नाटक कंपनीनं दिलं. अकरा वर्षं त्या विंगेत, मिणमिणत्या दिव्याखाली, मांडीवर संहिता घेऊन प्रॉम्प्टिंग करत होत्या. नट अडखळला की पुढचा शब्द त्याच्या कानात जावा, पण पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकाला कळू नये, असं ते काम. आवाज कायमचा दबका झाला तो तिथेच. पुढे कंपनीचं बस्तान गुंडाळलं गेलं. नट इतरत्र गेले, पेटीवाले गेले, पण प्रॉम्प्टरला कोण विचारतं? वयाच्या चाळिशीत ताई गावच्या ग्रंथालयातल्या कॉम्प्युटरपुढे बसल्या आणि कोड शिकल्या. कशा शिकल्या? संहिता वाचायच्या तशा. एकेक ओळ, ओठ हलवत, शेवटच्या पूर्णविरामापर्यंत. चूक झाली की कॉम्प्युटर लालभडक मजकूर फेकतो. बाकीचे पहिली ओळ वाचून कपाळाला हात लावत. ताई सगळा मजकूर मोठ्यानं वाचून काढत, म्हणजे त्यांच्या हिशेबानं मोठ्यानं, आणि बहुतेक वेळा तळाशी उत्तर सापडे.

गावातल्या डोळ्यांच्या हॉस्पिटलची वेबसाईट त्यांनीच बांधलेली. पेशंटनं घरबसल्या फॉर्म भरायचा, तपासणीची तारीख घ्यायची, दिलेल्या दिवशी यायचं. दोन महिने झाले, फॉर्म तर चालत होता, पण मधूनच कुणीतरी दिलेल्या दिवशी येई आणि यादीत त्याचं नावच नसे. "मला धन्यवाद म्हणाला होता हो तो फोन," असं म्हणत बिचारे म्हातारे अर्धा दिवस बाकावर बसून परत जात. असे तेवीस.

"उद्या चार वाजता सिस्टर स्वतः येणार आहेत," सर म्हणाले. "तोवर चूक सापडली नाही तर त्या वेबसाईट बंद करून वही-पेनावर जाणार. आणि ताई..." इथे सरांनी टेबलावरची टाचणी उगाच सरळ केली. "वाईट वाटून घेऊ नका. पण मग तुम्ही मजकूर टाकायचं बघा. कोडचं काम नको."

मजकूर टाकायचा म्हणजे दुसऱ्यानं लिहून पाठवलेलं उचलून जागच्या जागी चिकटवायचं. ताईंनी मान हलवली. सात वर्षांची विद्या त्या मान हलवण्यात मावली, पण ते बोलणं काही गिळलं गेलं नाही.

कीबोर्डवरच्या गारा थांबल्या. या गृहस्थांना सगळे वादळ म्हणत. दोन मुलांचा बाप, ताईंपेक्षा बारा वर्षांनी लहान, पण कचेरीतला मुरलेला गडी. हात विजेसारखा, आणि वीज पडते तसाच कुठेही पडे.

"चिंता सोडा ताई," वादळ म्हणाला. "मी आत्ताच सहा गोष्टी बदलल्यात. एकीनं तरी काम होईल."

"आणि झालं, तर कुठल्या एकीनं झालं हे कसं कळणार?"

"झाल्याशी मतलब!"

"प्रयोगात दिवे गेले, आपण अंधारात सहा तारा ओढल्या, दिवे आले. पुढच्या प्रयोगाला परत गेले तर?"

"परत सहा तारा ओढायच्या."

"आणि एखादी पडद्याची निघाली तर? नायिका मरायच्या आधीच पडदा खाली!"

वादळ हसला. हसत हसत त्यानं सहाही बदल मागे घेतले, कारण ताईंशी वाद घालणं म्हणजे भिंतीशी वाद घालण्यासारखं होतं. फरक इतकाच की भिंत बरोबर नसते.

ताईंनी वही उघडली. तिच्यात तीन रकाने: काय केलं, काय होईल असं वाटलं, काय झालं. मधला रकाना सगळ्यांत महत्त्वाचा, असं त्या म्हणत. आधी लिहून ठेवलं नाही तर मागाहून माणूस म्हणतो, मला ठाऊकच होतं. मग एका वेळी एकच गोष्ट बदलत त्या फॉर्म भरत गेल्या. जुन्या फोनवरून भरला. नव्या फोनवरून. इंटरनेट मुद्दाम मंद करून. लांबलचक नावानं, एकाक्षरी नावानं, अर्ध्या पत्त्यानं. संध्याकाळपर्यंत एकशे चाळीस फॉर्म झाले आणि तिसऱ्या रकान्यात एकशे चाळीस वेळा एकच उत्तर आलं: नोंद झाली. चोर असा वस्ताद की पाळत ठेवली की घराबाहेरच पडत नव्हता.

घरी सासूबाई परातीत मटाराच्या शेंगा घेऊन बसल्या होत्या. सासूबाईंना कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नसे, आणि म्हणूनच ताई आपली प्रत्येक अडचण त्यांना सांगत. समजणाऱ्याला सांगताना माणूस मधल्या पायऱ्या गाळतो. सासूबाईंपुढे एकही पायरी गाळायची सोय नव्हती. लगेच काठी आपटत.

"म्हणजे आई, मी नाव टाकलं, पत्ता टाकला, जन्मतारीख टाकली, बटण दाबलं. नोंद झाली. दर वेळी झाली."

"तू भरलास."

"हो."

"त्या वादळानं भरला."

"त्यानंही."

"आणि हरवले कुणाचे?"

"बहुतेक सगळे सत्तरीच्या पुढचे."

"मग म्हाताऱ्या माणसानं भरला का एकदा तरी?"

"आई, फॉर्म तोच असतो हो, कुणीही भरला तरी."

"असं म्हणतेस?" सासूबाईंनी परात पुढे सरकवली. "शेंगही तीच असते. बघ बरं, तुझी वाटी भरली, आणि माझ्या वाटीत दाणे किती? अकरा. त्यातला एक किडका."

ताईंचा हात परातीतच थांबला. फॉर्ममध्ये काय भरावं, कुठल्या फोनवरून भरावं याचा विचार त्यांनी केला होता. तो दुसऱ्या कुणाला भरताना बघावं, हे मात्र दोन महिन्यांत एकदाही सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला त्या डोळ्यांच्या हॉस्पिटलात हजर. हिरवी बाकं, फिनेलचा वास, भिंतीच्या टोकाला खाली खाली बारीक होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता. मोठ्या सिस्टर खिडकीत उभ्या होत्या. बांधा किल्ल्याच्या बुरुजासारखा.

"सिस्टर, मला कुणीतरी फॉर्म भरताना बघायचंय."

"भरून दाखवायचाय म्हणा."

"नाही. बघायचंय."

सिस्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. "बघा. बघायला बंदी नाही. पण चार म्हणजे चार."

तिसऱ्या बाकावर एक निवृत्त चित्रकलेचे मास्तर आणि त्यांच्या बाई बसल्या होत्या. मास्तरांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पुढची तारीख हवी होती. मुलानं दिलेला फोन बाईंच्या पिशवीत, पातळ रुमालात गुंडाळलेला. ताईंनी विनंती केली, "तुम्ही फॉर्म भरा, मी नुसती शेजारी बसते." मग घड्याळ पाहून वहीत वेळ टिपली, नऊ चोवीस, आणि दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून धरले. मदत करायला हात शिवशिवतो ना, त्यावर हा उपाय.

"वाचा," बाई म्हणाल्या.

"वाचायला दिसत असतं तर इथे कशाला आलो असतो?"

"बरं, मी वाचते. पूर्ण नाव."

"माझं नाव तुला माहीत नाही?"

"पंचेचाळीस वर्षं 'अहो' म्हणतेय. खरं आठवायला वेळ लागतो."

नाव झालं. एकेक अक्षर शोधत, दोनदा खोडत झालं. मग जन्मतारीख.

"चार," मास्तर म्हणाले.

"चौदा. तुमच्या आईनं मला स्वतः सांगितलंय."

"माझ्या आईनं तुला सांगितलेली एक तरी गोष्ट खरी निघाली का?"

"एक निघाली. म्हणाल्या होत्या, मुलगा हट्टी आहे."

तेवढ्यात फोन वाजला. मुलगी. फॉर्म अर्धा राहिला आणि घरातल्या गळक्या नळावर चर्चा सुरू झाली. नळवाला आला का, आला तर वायसर कुठल्या आकाराचा घेऊन आला, मागच्या वेळी त्यानं काय केलं होतं. मास्तर मधूनच शेजारून सूचना देत होते, मुलगी तिकडून त्या धुडकावत होती. मिनिटामागून मिनिट गेलं. ताईंच्या जिभेवर आलं होतं, "अहो, तो फॉर्म तेवढा पुरा करा ना!" शब्द दातांपर्यंत आला आणि ताईंनी तो परत गिळला.

कारण हा धडा त्या फार पूर्वी शिकल्या होत्या. कंपनीतलं त्यांचं पहिलंच वर्ष. तिसऱ्या अंकात म्हातारे नायक मुलाचं पत्र हातात घेऊन एकदम गप्प झाले. एक क्षण, दोन क्षण, तीन. नव्या प्रॉम्प्टरला वाटलं, गडी विसरला! विंगेतून पुढचं वाक्य ठणठणीत गेलं, सगळ्या थिएटरला ऐकू गेलं, आणि ऐन रडण्याच्या जागी हशा पिकला. प्रयोगानंतर नायक रागावले नाहीत. तोंडावरचा रंग पुसत इतकंच म्हणाले, "पोरी, मी थांबलो होतो. गेलो नव्हतो."

नळ एकदाचा मिटला. पत्ता झाला. बाईंचा चष्मा बाकाखाली गेला, तो सापडला. नऊ सेहेचाळीसला मास्तरांनी स्वतःच्या बोटानं ऐटीत बटण दाबलं. स्क्रीनवर फुलं उमलली: धन्यवाद! आपली तारीख पक्की झाली आहे.

"बघ, जमलं की नाही?" मास्तर बाईंना म्हणाले.

ताईंनी कचेरीत फोन लावला. "वादळ, हॉस्पिटलची यादी उघड. शेवटचं नाव कुणाचं?"

"नऊ-दहाला कुणी बाई आहेत."

"त्यानंतर? एका मास्तरांचं?"

"नाही."

"नीट बघ."

"तीनदा बघितलं ताई. नाही म्हणजे नाही."

ताई बाकावरून उठल्याच. हात वर, डोळे चमकताहेत, अकरा वर्षं विंगेत काढलेली बाई जणू आज पहिल्यांदा प्रकाशात आली. "मास्तर! तुमचा फॉर्म हरवला!"

मास्तर बायकोकडे वळले. "हरवला म्हणतेय आणि हसतेय. डोळ्यांच्याच हॉस्पिटलात आलोय ना आपण?"

ताईंनी आधी खिडकीशी जाऊन मास्तरांची तारीख सिस्टरांच्या हातून लिहून घेतली आणि मगच वही उघडली. बावीस मिनिटं! आणि त्यांच्या आदल्या दिवशीच्या एकशे चाळीस फॉर्ममध्ये सगळ्यांत सावकाश भरलेला फॉर्म होता चाळीस सेकंदांचा. कचेरीतला जो तो फॉर्म भरण्यात पटाईत. नाव म्हणून 'अबक', पत्ता म्हणून 'अबक', दाब बटण. जे कधी अडखळतच नाहीत, त्यांना अडखळण्याच्या जागा दिसणार कुठून? मास्तर थांबले होते, गेले नव्हते. पण त्यांना गेलेलं समजून मागे कुणीतरी दार लावून घेतलं होतं.

कचेरीत हा आकडा ऐकताच वादळाचा चेहरा उतरला.

"पंधरा मिनिटं," तो पुटपुटला. "ताई, पास."

तो पास असा: कुणी फॉर्म उघडला की सर्व्हर, म्हणजे सगळ्या नोंदी सांभाळणारं मागचं यंत्र, त्याला गुपचूप एक पास देई, म्हणजे भामट्यांना बाहेरून खोटे फॉर्म घुसवता येऊ नयेत. दोन महिन्यांपूर्वी वादळानंच तो बसवला होता. पासाची मुदत पंधरा मिनिटं. मुदत टळली की आलेला फॉर्म न वाचता टोपलीत, आणि टोपलीत काय गेलं याची कुठे नोंदही नाही.

"माझ्यामुळे झालं हे," वादळ म्हणाला. इतक्या हळू की कुजबुजताईंनाही कान पुढे करावा लागला.

"अर्धं तुझ्यामुळे. फॉर्म आत घेतला की नाही हे न विचारताच 'धन्यवाद' कोण म्हणालं? ते पान मी लिहिलंय. पाहुणा दाराबाहेरच उभा, आणि मी आतून म्हणतेय, जेवण आवडलं ना!"

वादळाची बोटं लगेच कीबोर्डकडे धावली. "दोन्ही एकदम दुरुस्त करतो. दहा मिनिटं."

"हात मागे. आधी चूक आपल्या डोळ्यांसमोर घडवून दाखव. घडवता आली नाही तर ती गेली हे कशावरून?"

"म्हणजे पंधरा मिनिटं नुसतं बसायचं?"

"सोळा."

"ताई, मुदत एक मिनिटाची करून बघू ना. तेच होईल."

"दुरुस्ती करताना तसंच कर, चांगली युक्ती आहे. पण पहिल्यांदा आणि शेवटी, जगाला जशी दिली तशीच बघायची."

मग कचेरीत असा प्रवेश झाला जो आजवर झाला नव्हता. अर्धा भरलेला फॉर्म समोर, आणि वादळ हाताची घडी घालून गप्प. पाचव्या मिनिटाला त्यानं पाय हलवला. नवव्याला छतावरचा पंखा मोजला, एकच होता. बाराव्याला सर डोकावले.

"काय चाललंय?"

"वाट बघतोय," वादळ म्हणाला.

"कशाची?"

"सोळाव्या मिनिटाची."

सरांनी घड्याळाकडे पाहिलं, मग देवाकडे पाहावं तसं छताकडे, आणि दार लोटून घेतलं.

सोळाव्या मिनिटाला बटण दाबलं. धन्यवाद आलं, नोंद नाही. वहीतल्या मधल्या रकान्यात आधीच लिहिलं होतं, 'हरवेल'. तिसऱ्यात ताईंनी लिहिलं, 'हरवला', आणि अक्षर असं वळणदार आलं की जणू सनद लिहिताहेत.

मग पहिली दुरुस्ती, फक्त पहिली. सर्व्हरनं नोंद घेऊन क्रमांक दिल्याशिवाय धन्यवाद म्हणायचं नाही. एक मिनिटाच्या मुदतीवर तपासलं. आता पानानं खरं सांगितलं, नोंद झाली नाही. मग दुसरी. पास शिळा झाला तर माणसाला हाकलायचं नाही, त्यानं लिहिलेलं तसंच ठेवून त्याच्या हाती गुपचूप नवा पास द्यायचा. तीही तपासली. मुदत परत पंधरा मिनिटांवर नेली, पुन्हा हाताची घडी, पुन्हा सोळा मिनिटं, पुन्हा बटण. क्रमांक आला. वादळ खुर्चीसकट एक गिरकी फिरला. घड्याळात तीन वाजून पाच.

चारला मोठ्या सिस्टर आल्या. बसल्या. खुर्ची कुरकुरली. सर काहीतरी गोडगोड बोलणार इतक्यात ताई उभ्या राहिल्या.

"सिस्टर, सावकाश भरणाऱ्यांचे फॉर्म आम्ही फेकून देत होतो. आणि फेकून वर धन्यवाद म्हणत होतो. चूक पेशंटची नव्हती, त्यांच्या जुन्या फोनची नव्हती. आमची होती. आज ती काढली."

"बोलायला काय जातं?" सिस्टर म्हणाल्या. त्यांनी स्वतःचा फोन काढला, फॉर्म उघडला, नाव लिहिलं, आणि फोन तसाच एप्रनच्या खिशात टाकला. "चहा मागवा."

चहा आला. सिस्टरांनी तो घोट घोट घेतला. सरांना चष्म्याचा नंबर विचारला, नंबर चुकीचा असल्याचं सांगितलं. वादळाला पापणी न लववता स्क्रीनकडे बघण्याचे तोटे सांगितले. सव्वाचार झाले. साडेचार झाले. सर घाम पुसत होते. ताई मात्र शांत उभ्या. पडदा उघडायच्या आधी कसलेला नट विंगेत उभा असतो तशा, सगळं पाठ असलेल्या.

चार बेचाळीसला सिस्टरांनी फोन काढला. नाव होतं तिथेच होतं. बाकीचं भरलं. बटण दाबलं.

एक क्षण काहीच नाही. दुसरा क्षण.

मग अक्षरं आली: आपली नोंद झाली. क्रमांक तीनशे बारा.

"आलं!" वादळ ओरडला. "यादीत आलं! तीनशे बारा! ताई, आलं!" सरांनी टाळी वाजवली, मग आपण सर असल्याचं आठवून थांबवली, मग पुन्हा वाजवली. बुरुजाच्या चेहऱ्यावर खिडकी उघडावी तसं हसू उमटलं.

"त्या तेवीस जणांना उद्या सकाळी मी स्वतः फोन करून बोलावते," सिस्टर म्हणाल्या. "वेबसाईट राहील. आणि आमच्या चष्म्यांच्या विभागालाही फॉर्म हवाय. तिथे रोज रांग जिन्यापर्यंत जाते."

"हो, अगदी," सर पुढे झाले. "आमचा वादळ लगेच..."

"मी नाही," वादळ म्हणाला. "ताई करतील. मी त्यांच्या हाताखाली."

सरांनी ताईंकडे पाहिलं. त्यांच्या हातात आता टाचणी नव्हती, डोळ्यांत शरम होती, आणि शरमेमागे अभिमान. "ताईच करतील," ते म्हणाले. "मजकूर टाकायला दुसरं कुणीतरी बघतो."

"मग ताई," सिस्टरांनी विचारलं, "किती दिवसांत देता?"

कुजबुजताईंनी वहीचं कोरं पान काढलं, तीन रकाने आखले आणि म्हणाल्या, "ते मंगळवारी सांगते. सोमवारी मला चष्म्याच्या खिडकीपाशी एक स्टूल द्या, आणि मी कोण ते रांगेत कुणाला सांगू नका."